मैदान, मोबाईल आणि मुलांची झोप

निशिगंध (धागाकर्ती)

तेरा ते अठरा या वयाची मुलं घरात असली की एक तक्रार हमखास ऐकू येते. रात्री साडेअकरा-बारा वाजले तरी त्यांच्या डोळ्याला डोळा लागत नाही आणि सकाळी चार-चार हाका मारल्याशिवाय उठत नाहीत. त्यावर सगळे दोनच उपाय सांगतात: मोबाईल काढून घ्या, नाहीतर मैदानावर पिटाळा, दमली की आपोआप झोपतील. माझ्या घरात या वयाची दोन मुलं आहेत, म्हणून या विषयावरचं संशोधन जमेल तसं वाचत आले आहे. दोन्ही उपायांत तथ्य आहे. पण ते का लागू पडतात हे नीट कळलं नाही तर आपण ते चुकीच्या वेळी आणि चुकीच्या पद्धतीने करतो, असं माझं मत झालंय. म्हणून हा धागा.

आधी शरीराचं बघू. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेने २०१६ मध्ये १३ ते १८ या वयासाठी ८ ते १० तास झोप सांगितली. आता गंमत बघा, नेमक्या याच वयात शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. रात्र झाल्याचा निरोप शरीराला देणारं मेलाटोनिन हे संप्रेरक लहानपणापेक्षा उशिरा स्रवू लागतं. शिवाय दिवसभर जागं राहिल्याने झोपेचा जो दाब साठत जातो, तोही या वयात सावकाश साठतो. ब्राउन विद्यापीठातल्या मेरी कारस्काडन यांनी यावर कित्येक दशकं काम केलंय, आणि त्यातलं बरंचसं स्मार्टफोन येण्याच्या आधीचं आहे. जर्मनीतल्या टिल रोनेबर्ग यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं की उशिरा झोपण्या-उठण्याचा हा कल साधारण विसाव्या वर्षापर्यंत वाढत जातो आणि मग मागे फिरतो. म्हणजे दहा वाजता टक्क जागं असलेलं पोर आपल्याला छळायला जागं नसतं. त्याच्या शरीराची रात्र खरोखरच अजून झालेली नसते. हे एकदा मनावर घेतलं की घरातली निम्मी भांडणं तरी थांबावीत.

आता मोबाईल. सगळे निळ्या प्रकाशाबद्दल बोलतात. डोळ्याच्या पडद्यात मेलॅनोप्सिन हे रंगद्रव्य असलेल्या पेशी असतात, त्या निळसर प्रकाशाला जास्त प्रतिसाद देतात आणि मेंदूतल्या घड्याळाला ‘अजून दिवस आहे’ असं कळवतात. हे खरं आहे. पण परिणाम केवढा? २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२ तरुण प्रौढांना झोपण्याआधी सुमारे चार तास मंद उजेडाच्या खोलीत टॅब्लेटवर, पूर्ण ब्राइटनेस ठेवून, वाचायला लावलं; दुसऱ्या काही रात्री तेवढाच वेळ छापील पुस्तक दिलं. टॅब्लेटच्या रात्री मेलाटोनिन दबलं आणि झोप सरासरी दहा मिनिटं उशिरा लागली. दहाच मिनिटं. आपली मुलं दीड-दोन तास उशिरा झोपतात. त्याचं खापर एकट्या प्रकाशावर फोडता येत नाही.

उरलेला हिशेब वेळेचा आणि मनाचा आहे. पुस्तकाचं प्रकरण संपतं, सामना संपतो, पण फीडला तळ नाही. खाली सरकवत राहिलं की पुढचं येत राहतं, ही रचना २००६ पासूनची, आणि ती माणसाने थांबू नये म्हणूनच इतकी रुजली. थांबायची खूण कुठेच नसल्यावर ती खूण स्वतः निर्माण करणं थकलेल्या पंधरा वर्षांच्या मेंदूला जड जातं, कारण स्वतःला आवर घालण्याचं काम करणारा मेंदूचा पुढचा भाग तेव्हा अजून घडतच असतो. त्यात ‘तिने माझा मेसेज बघितला आणि उत्तर दिलं नाही’, ‘सगळे भेटले, मला सांगितलंच नाही’ हे असतं. अंगाला विश्रांती मिळते, मन मात्र चौकात उभं असतं.

व्यायामाबद्दल थोडक्यात, कारण प्रतिसादांत बोलूच. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ या वयासाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल सांगते. २०१६ पर्यंतच्या आकडेवारीनुसार जगातली ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं तिथवर पोहोचत नव्हती. नियमित व्यायामाने झोप लवकर लागते, गाढ झोपेचा वाटा थोडा वाढतो, मनातली धाकधूक कमी होते. आणि एक लाभ सहसा कुणी मोजत नाही: व्यायाम उघड्यावर, दिवसाउजेडी केला तर उजेड मिळतो. भरदिवसा बाहेर दहा हजार लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) वर प्रकाश सहज असतो, घरात दिवे लावूनही काहीशेच लक्स. सकाळचा उजेड शरीराचं घड्याळ अलीकडे ओढतो. मला वाटतं, मैदानाच्या फायद्यातला मोठा हिस्सा याच उजेडाचा असावा.

तुमचे अनुभव लिहा. शंका असतील तर त्याही.

पहाटवारा

फार वेळेवर धागा काढलात. माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे, स्पर्धांसाठी पोहते. पाण्यात उतरायची वेळ पहाटे साडेपाच, म्हणजे पावणेपाचला उठणं आलं. रात्री अभ्यास संपून झोपायला अकरा. व्यायाम भरपूर आहे, मोबाईलचं वेड फारसं नाही, तरी वर्गात पेंगते आणि हल्ली चिडचिडी झाली आहे. सगळे म्हणतात, खेळणारी मुलं चांगली झोपतात. मग हिचं काय चुकतंय?

निशिगंध

पहाटवारा, मुलीचं काहीच चुकत नाहीये. तिला पावणेसहा तास मिळतायत, गरज आठाहून जास्तीची आहे. गाढ झोप रात्रीच्या पूर्वार्धात जास्त असते, आणि स्वप्नांची, म्हणजे डोळे भिरभिरण्याची झोप उत्तररात्री, पहाटेकडे. पहाटे पावणेपाचला उठवलं की हा दुसरा भाग कापला जातो. शिकलेलं पक्कं होण्यात आणि भावना आवरण्यात त्याचा हात असतो, त्यामुळे तुम्हाला दिसणारी चिडचिड समजण्यासारखी आहे.

खेळाडू मुलांसाठी आणखी एक गोष्ट. २०१४ मध्ये शालेय खेळाडूंवरचा एक अभ्यास आला होता. त्यात आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापत होण्याची शक्यता १.७ पट आढळली. अभ्यास छोटा होता, ११२ खेळाडूंचा, पण प्रशिक्षकांसमोर हा मुद्दा ठेवायला हरकत नाही. झोप कापून केलेला सराव अंगी लागत नाही, हे त्यांनाही पटेल. आठवड्यातले काही दिवस तरी सराव संध्याकाळी करता येईल का, विचारून बघा.

कोरा कागद

लेख वाचला. माझा एक आक्षेप आहे, आणि तो या विषयावरच्या जवळजवळ सगळ्याच लिखाणावर आहे. मोबाईल जास्त वापरणारी मुलं कमी झोपतात हे मान्य. पण मोबाईलमुळे झोप जाते, की झोप येत नाही म्हणून मोबाईल हातात येतो? मी स्वतः त्या वयात रात्र रात्र जागायचो. तेव्हा मोबाईल नव्हता, रेडिओ होता. रेडिओमुळे मी जागा नव्हतो, जागा होतो म्हणून रेडिओ ऐकायचो. व्यायामाचंही तेच. जे मूल चांगलं झोपतं त्याच्यात मैदानावर जायची ताकद असते. कशामुळे काय होतं हे ठरवायचं कसं?

निशिगंध

कोरा कागद, आक्षेप रास्त आहे. २०१६ मध्ये २० अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, सव्वा लाख मुलं, सरासरी वय साडेचौदा. झोपायच्या वेळी उपकरण वापरणाऱ्यांमध्ये अपुऱ्या झोपेची शक्यता दुपटीहून थोडी जास्त निघाली. मला त्यातला दुसरा निष्कर्ष जास्त बोलका वाटतो: उपकरण न वापरता नुसतं खोलीत जवळ असलेल्यांमध्येही झोपेची तक्रार जास्त होती. तरीही हे सगळे संबंधच, कार्यकारणाचा पक्का पुरावा नव्हे. ब्रिटनमधल्या जवळपास बारा हजार मुलांवरच्या २०१९ च्या अभ्यासात दिवसाला पाच तासांहून जास्त सोशल मीडिया वापरणारी मुलं शाळेच्या आदल्या रात्री अकरानंतर झोपण्याचं प्रमाण जास्त दिसलं. तिथेही मुलांनी स्वतः सांगितलेले तास धरले आहेत.

माझ्या समजुतीप्रमाणे दोन्ही दिशा खऱ्या आहेत आणि त्या एकमेकींना खतपाणी घालतात. झोप येत नाही म्हणून फोन, फोनमुळे आणखी उशीर, सकाळी अंग जड म्हणून मैदानाला दांडी, दिवसभर हालचाल नाही म्हणून रात्री पुन्हा झोपेचा दाब कमी. कुठून सुरू झालं ते शोधत बसण्यापेक्षा हे चक्र कुठे सहज तुटतं ते शोधणं मला जास्त उपयोगी वाटतं.

कोरा कागद

हे पटलं. ‘सहज कुठे तुटतं’ हा प्रश्न चांगला आहे.

सतरावं वर्ष

मी इथे नेहमी फक्त वाचते, पण हा धागा आमच्याबद्दल आहे म्हणून लिहिते. मी सतरा वर्षांची आहे.

मोठ्यांना वाटतं आम्ही रात्री टाइमपास करतो. थोडं खरं आहे. पण दिवसभरात शाळा, क्लास, घर, सगळीकडे कुणीतरी काहीतरी सांगत असतं. रात्री अकरानंतरचा वेळ हा पहिला वेळ असतो जेव्हा मला कुणी काही विचारत नाही. झोपले की तो वेळ संपतो आणि थेट उद्या सुरू होतो. म्हणून झोपावंसंच वाटत नाही, डोळे चुरचुरत असले तरी.

दुसरं, ग्रुप रात्रीच जागा असतो. कोण कुणाशी बोलत नाहीये, उद्या कोण काय करणार, सगळं तेव्हाच ठरतं. सकाळी उठून दोनशे मेसेज वाचले तरी आपण बाहेरचे झालेलो असतो. स्ट्रीक, म्हणजे रोज न चुकता एकमेकींना काहीतरी पाठवायची साखळी, तुटली तर मैत्रीण खरंच दुखावते. हे तुम्हाला क्षुल्लक वाटेल, आम्हाला नाही वाटत.

आई फोन हिसकावून घेते तेव्हा मी झोपत नाही. मी रागाने छताकडे बघत पडून राहते. आमच्यात फरक पडला तो वेगळ्याच गोष्टीने. आम्ही चौघींनी ठरवलं की साडेदहानंतर कुणीच ग्रुपवर लिहायचं नाही. एकटीने बंद केलं की काहीतरी सुटल्यासारखं वाटतं. सगळ्यांनी मिळून बंद केलं की सुटायला काही उरतच नाही.

निशिगंध

सतरावं वर्ष, तू लिहिलंस हे फार बरं झालं. पूर्ण धाग्यात या प्रतिसादाचं मोल सगळ्यात जास्त आहे. दिवसभर स्वतःचा वेळ मिळाला नाही म्हणून झोप पुढे ढकलणं मोठी माणसंही करतात, आणि झोपेच्या संशोधनात त्यावर वेगळं काम झालंय. म्हणजे पालकांनी रात्रीचा फोन बघण्याआधी मुलांचा दुपार-संध्याकाळचा वेळ बघायला हवा. दिवसात कुणी काही न विचारणारा तासभर मिळाला तर रात्रीची ओढ कमी होईल.

चौघींचा करार मला विलक्षण आवडला. पालकांनीही एकमेकांशी बोलून हे करता येईल. एकाच मुलाला शिक्षा झाल्यासारखं वाटू नये एवढं जपावं.

कुंपणापलीकडे

+१. सतरावं वर्ष, तुझा प्रतिसाद मी माझ्या लेकीला वाचायला दिला. ती फक्त “हो, असंच आहे” एवढंच म्हणाली. पण बऱ्याच दिवसांनी एवढं तरी बोलली.

मैदानावरचा

मी शाळेत खेळ शिकवतो. दोन गोष्टी सांगतो.

पहिली, संध्याकाळच्या सरावाबद्दल. ‘रात्री व्यायाम केला की झोप उडते’ असं सरसकट म्हणतात. २०१९ मध्ये यावरच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा निघाला होता. प्रयोग प्रौढांवरचे होते, पण निष्कर्ष माझ्या अनुभवाशी जुळतो: संध्याकाळच्या व्यायामाने सहसा झोप बिघडत नाही. झोपण्याआधीच्या शेवटच्या तासात दम लागेस्तोवर केलेला व्यायाम मात्र नडू शकतो. अंगाचं तापमान चढलेलं असतं, हृदय धडधडत असतं, आणि झोप लागायला तापमान उतरावं लागतं. दिव्यांखाली रात्री साडेनऊला चुरशीचा सामना संपला की पोरं साडेअकरापर्यंत प्रत्येक चेंडूवर बोलत असतात. मी आता सामने आधी खेळवतो आणि शेवटची वीस मिनिटं सावकाश धावणं, ताण देणं, संथ श्वास एवढंच ठेवतो. घरी जाऊन लवकर झोप लागते, असं मुलंच सांगतात.

दुसरी गोष्ट मला जास्त लागते. निशिगंध यांनी दिलेल्या ८१ टक्क्यांच्या आत बघा. मुलगे ७८ टक्के, मुली ८५ टक्के. बारा-तेराव्या वर्षापर्यंत माझ्या मैदानावर मुली मुलांइतक्याच असतात, मग एकेक करून गळतात. पाळी सुरू होते आणि मैदानाजवळ धड स्वच्छतागृह नसतं. खेळाच्या कपड्यांत अवघडल्यासारखं होतं. बघे उभे असतात. अंधार पडायच्या आत घरी यायचं असतं. आणि संघात फक्त जिंकणाऱ्यांना जागा असते. त्या घरी बसतात आणि मग आपण म्हणतो, मुली सारख्या फोनवर असतात. ज्यांना मैदानच मिळालं नाही, त्यांना मैदानावर जा म्हणून काय सांगायचं? माझ्याकडे आठवड्यातून दोन संध्याकाळी फक्त मुलींसाठी मैदान असतं, स्पर्धा नाही, गुण नाहीत, आवडेल ते खेळा. ज्या सोडून गेल्या होत्या त्यांतल्या बऱ्याच परत आल्या.

पहाटवारा

मैदानावरचा, तुमच्यासारखे शिक्षक सगळ्यांना मिळोत. मनापासून लिहिते आहे.

सावली

फोनवर पिवळा रात्रीचा मोड लावला तर चालतं का? आणि मुलगा सुट्टीच्या दिवशी दुपारी बारापर्यंत झोपून आठवड्याची कसर भरून काढतो. झोपू द्यावं का?

निशिगंध

सावली, पिवळ्या मोडवर फार भिस्त ठेवू नका. १८ ते 24 वयाच्या तरुणांवर २०२१ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला: काहींनी रात्रीचा मोड लावून फोन वापरला, काहींनी न लावता, काहींनी झोपण्याआधी फोन वापरलाच नाही. पहिल्या दोन गटांच्या झोपेत फरक आढळला नाही. रंग बदलला तरी पडद्यावरचं भांडण तेच राहतं.

सुट्टीची झोप हा नाजूक प्रश्न आहे. थकलेल्या शरीराला झोप हवीच असते, त्यामुळे तास-दोन तास जास्त झोपू द्यावं. पण दुपारी बारा म्हणजे रोजच्यापेक्षा पाच-सहा तास उशीर. शरीराचं घड्याळ दोन दिवस परदेशात जाऊन आल्यासारखं होतं. रोनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला २००६ मध्ये ‘सोशल जेटलॅग’ असं नाव दिलं. सुट्टी संपते त्या रात्री झोप लागत नाही ती यामुळेच. नऊच्या सुमारास पडदे उघडा, बाहेर चक्कर मारायला न्या.

फळा आणि खडू

मी शिक्षिका आहे. इथे सगळे मुलांच्या सवयी बदलायला निघालेत, शाळेची वेळ बदलायचं कुणी का बोलत नाही? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं की या वयाच्या शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरू नयेत. सिअ‍ॅटल शहराने २०१६ मध्ये माध्यमिक शाळा ७:५० ऐवजी ८:४५ ला भरवायला सुरुवात केली. संशोधकांनी मनगटावरच्या यंत्रांनी आधीची आणि नंतरची झोप मोजली. शाळेच्या रात्रीची झोप ३४ मिनिटांनी वाढली होती. फोन तेच, खेळ तोच. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला, २०२२ पासून तो लागू आहे.

कोरा कागद

पण अशाने मुलं तेवढीच उशिरा झोपायला नाही का लागली?

फळा आणि खडू

हाच प्रश्न सगळे विचारतात. सिअ‍ॅटलमध्ये झोपायची वेळ जवळपास तिथेच राहिली, उठायची पुढे गेली. पहिल्या तासाला मुलं वर्गात असतात म्हणजे नेमकी कुठे असतात, हे मी रोज बघते. पालकसभेत हा विषय एकदा तरी काढा. शिक्षकांनी काढला की ‘तुम्हाला उशिरा यायचंय’ असा अर्थ लावतात. पालकांनी काढला तर ऐकतील.

निशिगंध

फळा आणि खडू, पूर्ण सहमत. मूळ लेखात हे यायला हवं होतं, ते तुम्ही आणलंत.

सावली

मला एवढं सगळं एकदम जमणार नाही. एकच गोष्ट करायची तर कुठून सुरुवात करू? मुलगा चौदा वर्षांचा आहे.

निशिगंध

उठायच्या वेळेपासून. झोप बळजबरीने आणता येत नाही, उठणं मात्र आपल्या हातात असतं. रोज ठरावीक वेळेला उठणं आणि उठल्यावर लगेच अर्धा तास उघड्यावर: चालत शाळा, सायकल, काहीही. सूर्यप्रकाश आणि हालचाल एकदम मिळते. सुरुवातीला रात्रीच्या फोनबद्दल चकार शब्द काढू नका. काही दिवसांनी रात्री आपोआप थोडं लवकर डोळे जड व्हायला लागले की मग फोन रात्री खोलीबाहेर चार्जिंगला लावायचं सुचवा, आणि तुमचाही तिथेच ठेवा. गजराची सबब निघेल, म्हणून एक साधं गजराचं घड्याळ आधीच आणून ठेवा. दुपारनंतर कॉफी आणि एनर्जी ड्रिंक बंद. कॅफीनचा निम्मा अंश शरीरातून जायलाच साधारण पाच तास लागतात.

एक सांगायचं राहिलं. मूल जोरात घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल, पायांत सारखी वळवळ होत असेल, किंवा सगळं करूनही आठवडेच्या आठवडे पहाटेपर्यंत झोप लागत नसेल, तर डॉक्टरांकडे जा. मूल उदास, गप्प, कशातच रस नाही असं झालं असेल तर वाट बघू नका. अशा वेळी बिघडलेली झोप हे मनाच्या आजाराचं लक्षण असू शकतं, आणि मोबाईलला दोष देण्यात मोलाचा वेळ जातो.

पहाटवारा

प्रशिक्षकांशी बोलले. दुखापतीच्या मुद्द्यावर त्यांनी नीट ऐकून घेतलं. पाण्याबाहेरचा व्यायाम आता संध्याकाळी होईल, म्हणजे दोन पहाटा मोकळ्या झाल्या. उरलेल्या दिवशी पोहणं पहाटेच आहे, त्याला इलाज नाही. त्या दिवशी दुपारी झोपू द्यावं का? की रात्रीची झोप आणखी बिघडेल?

निशिगंध

पहाटवारा, छान बातमी. पहाटेच्या सरावाच्या दिवशी शाळेतून आल्या आल्या वीस-तीस मिनिटं जरूर झोपू द्या, शक्यतो चारच्या आत. त्याहून लांबली तर ती गाढ झोपेत शिरते, उठल्यावर डोकं जड राहतं आणि रात्रीसाठी साठलेला दाबही खर्च होतो. आणि त्या रात्री अभ्यास दहाच्या आत आटोपता येईल असं काही शाळेशी बोलून बघा. डुलकीने दुपार निभावते, कमी पडलेले तास रात्रीच मिळवावे लागतील.